घरपट्टी वाढीला हरकत घ्यायची, पण नेमकी कशाला?

तुमचा प्रश्न असा: गोव्यातल्या तुमच्या पालिका मंडळाने घरपट्टी वाढवायचा ठराव घेतल्याची बातमी आली, मागोमाग मोजणीची माणसे सोसायटीत येऊन गेली, आणि आता ४० फ्लॅटधारकांच्या बैठकीत तीन तट पडले आहेत. एक गट म्हणतो पालिकेवर मोर्चा नेऊ. दुसरा म्हणतो घरपट्टी कुणीच भरायची नाही. तिसऱ्याला थेट पर्वरीला हायकोर्टात जायचे आहे. यातले काय करावे?

तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे वाढ एकाच प्रकारची असते. तशी ती नसते. घरपट्टीचा आकडा तीन वाटांनी फुगतो: दर वाढतो, मोजलेले क्षेत्र वाढते, किंवा मालमत्तेचा वर्ग बदलतो, म्हणजे निवासीची व्यावसायिक होते. दर हा पालिका मंडळ आणि सरकार यांचा विषय, त्याला विरोध सार्वजनिक आणि राजकीय. क्षेत्र आणि वर्ग हे तुमच्या एकट्याच्या खात्यावर बदलतात, तिथे विरोध कागदावर, मुदतीत आणि सुनावणीत करायचा. मोर्चाने मोजमाप दुरुस्त होत नाही आणि वैयक्तिक हरकतीने शहराचा दर खाली येत नाही. आंदोलने फसतात ती बहुधा इथेच. दराविरुद्ध घोषणा देता देता हरकतीची मुदत निघून जाते, आणि चुकीचे क्षेत्र आकारणी यादीत कायमचे बसते.

उदाहरण घेऊन बघा. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमच्या पालिकेचे नव्हेत. फ्लॅटचे बिल्ट-अप (बाहेरच्या भिंतींसकटचे) क्षेत्र ९२ चौरस मीटर, जुना दर वर्षाला चौरस मीटरमागे १५ रुपये, म्हणजे घरपट्टी १,३८० रुपये. नवा दर २४ झाला तर ९२ गुणिले २४, म्हणजे २,२०८. ही ६० टक्के वाढ झाली. पण मोजणीवाल्याने विक्रीखतातले सुपर बिल्ट-अप (जिना-लॉबीचा वाटा धरलेले) ११५ चौरस मीटर उचलले असेल तर बिल येते २,७६० चे. लोक म्हणतात घरपट्टी दुप्पट केली. प्रत्यक्षात १,३८० रुपयांच्या वाढीतले ८२८ रुपये दराचे आहेत आणि ५५२ रुपये चुकीच्या क्षेत्राचे. हे ५५२ तुम्ही सुनावणीत परत मिळवू शकता, दर काहीही राहिला तरी. शिवाय ते दरवर्षीचे आहेत, आणि पुढे दर वाढेल तसे वाढत जाणारे आहेत.

म्हणून पहिले काम बैठक नव्हे. प्रत्येक फ्लॅटचे मागच्या वर्षाचे बिल आणि आता आलेली नोटीस शेजारी शेजारी ठेवा आणि एका तक्त्यात चार रकाने करा: क्षेत्र, दर, वापराचा वर्ग, एकूण. ४० फ्लॅटांचा तक्ता एका संध्याकाळी होतो. एकाच नकाशाचे, एकावर एक असलेले फ्लॅट वेगवेगळ्या क्षेत्राने लागलेले दिसले तर तुमची सगळ्यात मजबूत हरकत तिथेच सापडली. तिला वकील लागत नाही.

आता मोजमाप. इथे मी जास्त थांबतो, कारण चुका इथेच जास्त होतात. कार्पेट म्हणजे आतले वापरायचे क्षेत्र. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. बिल्ट-अप बाहेरच्या भिंतीच्या बाह्य कडेपासून मोजतात. सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा मिसळलेला असतो. ते विक्रीसाठी वापरायचे माप आहे, कर लावायचे नव्हे. पालिकेच्या दरपत्रकात कुठले क्षेत्र म्हटले आहे ते शब्दशः वाचा आणि त्याच मापाने स्वतः मोजा. जुनी कागदपत्रे चौरस फुटांत असतील तर १०.७६४ ने भागा. १० ने भागून केलेला हिशेब क्षेत्र साडेसात टक्क्यांहून जास्त फुगवतो, आणि असे बोटांवरचे हिशेब रजिस्टरात सापडतात.

जुन्या स्वतंत्र घरांत हा फरक आणखी बोचतो. मातीच्या किंवा चिऱ्याच्या ४५ सेंटिमीटर जाडीच्या भिंतींचे, बाहेरून १० बाय ८ मीटरचे घर घ्या. बाहेरून ८० चौरस मीटर भरते. आतून ९.१ बाय ७.१, म्हणजे साधारण ६४.६. म्हणजे १५ चौरस मीटर नुसत्या बाहेरच्या भिंतींचे झाले. कर कार्पेटवर असेल आणि मोजणी बाहेरून झाली असेल तर असा घरमालक जवळजवळ चौथाई कर जास्त भरतो. बल्कांव (घरापुढची बसायची ओसरी), अंगण, पावसाळ्यापुरती पत्र्याची शेड, गच्चीवरचे छप्पर, इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग हे करपात्र आहे का, आणि असल्यास पूर्ण दराने की कमी, हे नियमावर अवलंबून आहे. नियमात त्याचा उल्लेख नसेल तर ‘कुठल्या नियमाखाली धरले?’ हा एकच प्रश्न हरकतीत लिहा. उत्तर देण्याची जबाबदारी पालिकेची.

एक सावधगिरी. फेरमोजणी मागितली की ती दोन्ही बाजूंनी होते. बाल्कनी काच लावून खोलीत घेतली असेल, दुकानात पोटमाळा घातला असेल, तर तेही मोजले जाणार. हरकत देण्याआधी सोसायटीतच मोजून घ्या, आणि ज्यांचे क्षेत्र खरोखर वाढलेले आहे त्यांनी क्षेत्राची हरकत घेऊ नये. त्यांनी दरावर बोलावे. एका माणसाच्या लपवलेल्या खोलीमुळे उरलेल्या ३९ हरकती संशयाने बघितल्या जातात.

वापराचा वर्ग हा गोव्यात वेगळाच विषय झाला आहे. घरात शिकवणी, शिवणकाम, वकिलाची खोली असेल तर काही ठिकाणी अख्खे घर व्यावसायिक लावतात. हरकत अशी असावी की व्यावसायिक दर फक्त तेवढ्या चौरस मीटरना लावा. सोबत त्या खोलीचे माप आणि वीजजोडणी घरगुती असल्याचे बिल जोडा. उलट बाजूने, पर्यटकांना रोजच्या भाड्याने दिले जाणारे फ्लॅट सर्रास निवासी दराने चालू असतात. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली त्यांची पर्यटन खात्याकडे नोंद व्हायला हवी. त्या नोंदी आणि पालिकेची आकारणी यादी एकमेकींना लावून बघा, ही मागणी तुम्ही करू शकता आणि करावी. तुमच्याच सोसायटीत असे फ्लॅट असतील तर त्यांच्या मालकांशी आधी बोला, नाहीतर भांडण घरातच सुरू होईल.

काही ठिकाणी घरपट्टी चौरस मीटरवर नसून वार्षिक भाडेमूल्यावर असते. म्हणजे ते घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती आले असते, त्यातून दुरुस्तीची वजावट (अनेक पालिका कायद्यांत ती १० टक्के आहे) आणि उरलेल्या रकमेवर टक्केवारीने कर. तुमच्या बिलावर ‘करपात्र मूल्य’ असा रकाना असेल तर ही पद्धत समजा. इथे वाद भाड्याच्या अंदाजाचा. जुन्या भाडेकरूंच्या घरांबाबत ‘दिवाण दौलतराय कपूर विरुद्ध नवी दिल्ली पालिका’ हा सुप्रीम कोर्टाचा निकाल उपयोगी आहे. भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या इमारतीचे करमूल्य कायदेशीर भाड्यापेक्षा जास्त धरता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. गोव्यातला भाडेनियंत्रण कायदा १९६८ चा. पण पुढच्या निकालांत कोर्टाने हेही सांगितले की पालिकेच्या कायद्याचे शब्द वेगळे असतील तर उत्तर बदलते. तेव्हा निकालाचे नाव हरकतीत घालण्याआधी कलम वाचा.

पालिका बाजारभावावर आधारलेली पद्धत आणणार असेल तर मुंबईचे प्रकरण माहीत असू द्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबई महापालिकेच्या भांडवली मूल्य पद्धतीतले काही नियम रद्द केले. जमिनीवर पुढे किती बांधता येईल ती शक्यता धरून आज कर लावता येत नाही, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. मोठ्या आवारातल्या जुन्या घराला ‘इथे चार मजले होऊ शकतात’ म्हणून जास्त मूल्य लावले असेल तर हरकतीचा मुद्दा तयार आहे.

आता दराकडे. ‘महागाई आहे, वाढ नको’ ही सगळ्यात कमकुवत हरकत, कारण महागाई पालिकेलाही असते. घरपट्टीचे दर बारा वर्षे तेच राहिले असतील आणि महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. हा हिशेब मुख्याधिकारी सुनावणीत मांडणारच. माझे स्पष्ट मत असे की बारा वर्षे दर गोठवून एकदम ६० टक्के वाढवणे जितके चूक, तितकेच कधीच न वाढवणेही चूक. तुमच्या विरोधाला वजन येते ते दुसऱ्या प्रश्नाने: दर वाढवण्याआधी आहे त्या दराने वसुली किती झाली?

यासाठी एकच कागद मागा, मागणी-वसुली-बाकीचा तक्ता, मागच्या पाच वर्षांचा. समजा चालू वर्षाची मागणी ४ कोटी आहे आणि वसुली ६५ टक्के, म्हणजे २ कोटी ६० लाख. दर २० टक्के वाढवले आणि वसुलीचे प्रमाण तेच राहिले तर वाढीव ८० लाखांपैकी हातात येतात ५२ लाख. दर न वाढवता वसुली ८५ टक्क्यांवर नेली तर येतात ८० लाख. पहिल्या मार्गात पैसे देतो तो नियमित भरणारा, दुसऱ्यात थकवणारा. हा हिशेब पालिकेच्या खऱ्या आकड्यांवर करून एका पानावर प्रत्येक नगरसेवकाला दिलात तर मोर्चापेक्षा जास्त काम होते. नगरसेवकालाही ठरावाविरुद्ध बोलायला सभागृहात काहीतरी हातात लागते.

त्याला जोडून दोन पुरवण्या. पहिली, आकारणी यादीत नसलेल्या मालमत्ता. वीज खात्याच्या जोडण्या, पालिकेने दिलेले ऑक्युपन्सी दाखले आणि व्यापार परवाने यांची संख्या वॉर्डवार घ्या आणि घरपट्टीच्या खात्यांशी ताडा. वीजजोडण्या खात्यांपेक्षा बऱ्याच जास्त असतील तर कारण विचारा. एका घरात दोन मीटर असू शकतात, त्यामुळे आकडा जुळणारच असे नाही, पण तफावत मोठी असेल तर तिचे उत्तर पालिकेला द्यावे लागते. दुसरी, केंद्र सरकारच्या इमारती. राज्यघटनेच्या कलम २८५ मुळे त्यांना घरपट्टी लागत नाही, पण सेवाशुल्क लागते. सुप्रीम कोर्टापुढे २००९ मध्ये मान्य झालेल्या व्यवस्थेप्रमाणे, किती सेवा वापरतात त्यावरून ते मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३⅓ टक्के असते. सरकारी महामंडळे मात्र स्वतंत्र संस्था आहेत, त्यांची मालमत्ता केंद्राची समजून सवलत मिळत नाही. वास्कोसारख्या ठिकाणी, जिथे रेल्वे आहे, संरक्षण खाते आहे, हा रकाना विचारण्याजोगा आहे.

‘दिल्लीची सक्ती आहे, आमच्या हातात नाही’ असेही ऐकायला मिळेल. त्यात अर्धे खरे आहे. २०२० मध्ये केंद्राने राज्यांना जादा कर्ज उचलायची मुभा देताना मालमत्ता कराचे किमान दर ठरवण्याची अट घातली होती. पुढे १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी शहरांच्या अनुदानाला दोन अटी जोडल्या: राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत, आणि कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या बरोबरीने वाढावी. शब्द नीट वाचा. किमान दर असावा हे म्हटले आहे आणि वसुली वाढावी हे म्हटले आहे. अमुक टक्के दरवाढ करा असे कुठेही नाही. वसुली थकबाकीतून वाढली तरी ती वाढच. म्हणून विचारा: राज्याची किमान दराची अधिसूचना कुठली, त्यातला आकडा किती, आणि पालिकेचा प्रस्तावित दर त्यापेक्षा किती वर आहे? किमान दरापर्यंतची वाढ पालिका टाळू शकत नाही. त्याच्या वरची वाढ हा तिचा स्वतःचा निर्णय, आणि त्याचे कारण तिने द्यायला हवे.

मागणीही नेमकी ठेवा. ‘ठराव रद्द करा’ ही घोषणा ठीक, पण हरकतीत पर्याय लिहा: वाढ तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, कुठल्याही एका खात्याची वाढ वर्षाला ठरावीक टक्क्यांच्या वर नको, जुन्या इमारतींना वयानुसार घट, वेळेआधी भरणाऱ्याला सूट, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी लहान वाढ. नाही म्हणायला नगरसेवकांना सोपे असते, पर्याय फेटाळताना मात्र इतिवृत्तात कारण लिहावे लागते.

कचऱ्याचा मुद्दा प्रत्येक बैठकीत निघतो: कचरा उचलत नाहीत, गटारे तुंबतात, मग घरपट्टी कशाला? लोकांचा राग रास्त आहे, पण कायद्यात हा युक्तिवाद चालत नाही. कर आणि शुल्क यांत फरक आहे. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून कोर्ट हेच सांगत आले आहे की कराच्या बदल्यात थेट सेवा मिळालीच पाहिजे असे नाही, शुल्काचा मात्र सेवेशी संबंध हवा. तेव्हा बिलात कचरा शुल्क किंवा स्वच्छता शुल्क वेगळ्या ओळीत असेल तर सेवेची तक्रार त्या ओळीला जोडा, घरपट्टीला नको. कचरा न उचललेल्या तारखांची नोंद, फोटो आणि आधी दिलेल्या तक्रारींचे इनवर्ड नंबर सोबत लावा. पुण्या-मुंबईच्या बिलाशी तुलनाही टाळा. तिथे पाणी आणि मलनिःसारण महापालिका बघते. गोव्यात पाणी आणि वीज राज्य सरकारची खाती देतात आणि त्यांची बिले आपण वेगळी भरतो. तुलना करायची तर गोव्यातल्याच दुसऱ्या पालिकेशी करा.

आता ‘कुणीच भरायचे नाही’ या गटाला. हे करू नका. थकबाकीवर दंड किंवा व्याज चढते, मागणीची नोटीस येते आणि पुढे जप्तीपर्यंत जाता येते. गोव्यात याहून जवळचा त्रास वेगळा आहे. घरपट्टी थकलेली असेल तर नाव बदलायला, व्यापार परवान्याला, दुरुस्तीच्या परवान्याला, ना हरकत दाखल्याला पालिका अडवते. फ्लॅट विकायला काढलेल्या माणसाचे काम अडते आणि तो आंदोलनातून पहिला फुटतो. मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घराची, कोमुनिदादच्या (गावकरी संस्थेच्या सामाईक) जागेवरच्या घराची घरपट्टी तर कधीच खंडू देऊ नये. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही हे खरे, पण ताब्याचा सलग पुरावा म्हणून ती कामाला येते, आणि मधली तीन वर्षे गायब असली की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. शिवाय अपील करताना कराची रक्कम आधी भरलेली असावी ही अट पालिका कायद्यांत सहसा असते. न भरणारा अपिलाचा हक्कच गमावून बसतो.

भरा, पण हरकत राखून भरा. पैशांबरोबर एक पत्र द्या: ‘घर क्रमांक अमुक, सन अमुक. सुधारित आकारणीस माझी दिनांक अमुक रोजीची हरकत प्रलंबित आहे. ती कायम ठेवून आणि निकालाच्या अधीन राहून ही रक्कम भरत आहे. जादा भरलेली रक्कम पुढील बिलात वळती करावी.’ दुय्यम प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घ्या. ऑनलाइन भरणा केला तर पावती छापून तीच पत्राला जोडा. शिक्का न घेतलेले पत्र पुढे सापडत नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

क्रम आणि मुदती. बातमी म्हणजे नोटीस नव्हे. ठराव मंजूर होणे, आकारणी यादी किंवा नवे दर जाहीर होणे, हरकतींची मुदत, सुनावणी, अंतिम यादी, मग बिल, असा साधारण प्रवास असतो. तुम्ही यातल्या कुठल्या पायरीवर आहात ते आधी पक्के करा. पणजी सोडली तर गोव्यातल्या १३ पालिका १९६८ च्या नगरपालिका कायद्याखाली आहेत, पणजी महापालिकेचा कायदा २००२ चा. त्यामुळे पणजीच्या मित्राने दिलेला हरकतीचा नमुना म्हापशात तसाच चालवू नका, कलमे वेगळी पडतात. मुदत नोटिशीवर छापलेली असते आणि ती चतुर्थीसाठी थांबत नाही. नोटीस कधी मिळाली ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.

माहिती हक्काचा अर्ज १० रुपयांत होतो, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तोवर हरकतीची मुदत संपते. म्हणून दोन्ही एकदम करा. हरकत आहे त्या माहितीवर मुदतीत द्या आणि तिच्यात लिहा की मागितलेली कागदपत्रे मिळाल्यावर पुरवणी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. अर्जात मोघम प्रश्न नकोत, कागद मागा: ठरावाची प्रत आणि त्या सभेचे इतिवृत्त, दर कुठल्या कलमाखाली ठरवला ती टिप्पणी, दराबाबतची सरकारी अधिसूचना, आपल्या घराच्या मोजणीचा तक्ता आणि आकृती, पाच वर्षांची मागणी-वसुली-बाकी, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल. फाइल पाहण्याची परवानगीही त्याच अर्जात मागा, प्रतींपेक्षा ती लवकर मिळते. ठरावाची प्रत तर तुमचा नगरसेवक त्याच दिवशी देऊ शकतो.

हरकत मराठीत दिली तर चालते. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या वापराची सोय आहे. फक्त आकडे आणि कलमे स्पष्ट लिहा. एकाच कागदावर ४० सह्या घेऊन ती हरकत म्हणून देऊ नका. आकारणी खात्यावर होते, सुनावणीही खात्यावर होते, म्हणून प्रत्येक फ्लॅटची हरकत वेगळी हवी. सोसायटीची एक सामायिक हरकत दराबाबत द्या आणि प्रत्येकाची स्वतंत्र हरकत क्षेत्र व वर्गाबाबत.

इथे एक अडचण हमखास येते, नावाची. घरपट्टी अजून बिल्डरच्या, आधीच्या मालकाच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर असते आणि सुनावणीत ‘तुम्ही कोण?’ असे विचारतात. नाव बदलायला विक्रीखत किंवा वारसाचे कागद लागतात. इन्व्हेंटरी प्रक्रिया, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याचे काम, कोर्टात चालू असेल तर ते लवकर होत नाही. तोवर हरकतीत ‘प्रत्यक्ष ताबेदार’ असे लिहा, आणि विक्रीखताचे पहिले पान, वीजबिल व गेल्या तीन वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या जोडा. नाव बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी वेगळा द्या.

मोर्चाला माझा विरोध नाही, वेळेला आहे. ठराव अंतिम होण्याआधी, पालिका मंडळाच्या सभेच्या आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग होतो, कारण तेव्हा निर्णय राजकीय असतो. अंतिम यादी लागल्यावर मोर्चा मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनपर्यंत जातो आणि निवेदन देऊन परततो. त्यानंतर पालिका प्रशासन संचालनालय आणि मंत्री यांच्याकडे जाता येते, पण तिथेही हातात वसुलीचा तक्ता हवा.

हायकोर्ट शेवटी. दर किती असावा यात कोर्ट सहसा पडत नाही, आणि कायद्यात अपिलाची वाट असेल तर आधी तिथे जा म्हणते. अधिकार नसताना ठराव घेतला, नोटीसच काढली नाही, हरकती न ऐकता यादी अंतिम केली, किंवा मागच्या तारखेपासून वाढ लावली, असे काही असेल तर रिट याचिकेत दम आहे. हे सिद्ध होते ते इतिवृत्त, नोटीस आणि आवक शिक्क्यांनी, म्हणजे वर सांगितलेले काम याचिकेसाठीही करावेच लागते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी पंचायत क्षेत्रात असेल तर कायदा १९९४ चा पंचायत राज कायदा लागतो, पालिकेचा नव्हे. तिथे प्रश्न ग्रामसभेत लेखी द्यावा आणि इतिवृत्तात आला की नाही ते पुढच्या सभेत तपासावे.

सुनावणीला प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. न्यायचे कागद: जुने बिल, नवी नोटीस, मंजूर नकाशाची प्रत, ऑक्युपन्सी दाखला, खोलीवार मापांचा तक्ता, आणि शेजारच्या तशाच फ्लॅटचे बिल. पहिल्या वाक्यात मागणी सांगा: ‘क्षेत्र ११५ नव्हे, ९२ चौरस मीटर धरावे.’ कचरा, रस्ते, नगरसेवक यांवर बोलायला लागलात तर पाच मिनिटे तिथेच संपतात. मापाबद्दल वाद झाला तर तुमच्या उपस्थितीत फेरमोजणीची तारीख मागा आणि ती सुनावणीच्या नोंदीत लिहून घ्या. सही करण्याआधी नोंद वाचा. ‘हरकत समजावून सांगितली, समाधान झाले’ असे वाक्य त्यात असेल तर त्याच्यावर सही करू नका, खाली ‘समाधान झालेले नाही’ असे लिहून मग सही करा. आदेश निघाला की त्याची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागा. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून चालू होते, आणि ती प्रत कुठल्या तारखेला हातात पडली हे तुम्हालाच दाखवावे लागते.